१०८ रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांना आणि चालकदादांना

नमस्कार,

तुम्ही आणलेल्या रुग्णाच्या कागदावर एक ओळ होती : 'सकाळी ६:४०ला चहा घेताना नीट बोलत होते.' त्या ओळीसाठी आमच्या स्ट्रोक विभागाकडून मनापासून आभार. पुष्कळदा नुसतं 'सकाळपासून लकवा' एवढंच लिहिलेलं असतं. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून मोजतात. घरच्यांच्या लक्षात आलं तिथून नाही.

त्याहून मोठे आभार, तुम्ही जे केलं नाहीत त्याबद्दल. बीपी १७०/१०० असूनही ते उतरवायची गोळी दिली नाहीत. मेंदूच्या १०० ग्रॅम भागातून मिनिटाला सुमारे ५० मिली रक्त वाहतं. ते २०च्या खाली गेलं की चेतापेशी गप्प होते, पण लगेच मरत नाही. १०च्या आसपास आलं की ऊर्जेअभावी तिचे सोडियम बाहेर काढणारे (सोडियम-पोटॅशियम) पंप बंद पडतात. सोडियमपाठोपाठ पाणी शिरून ती फुगते, ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन बाहेर सांडतं, त्यामुळे शेजारच्या पेशींत कॅल्शियम घुसतं आणि त्यांचेच एन्झाइम त्यांना आतून खाऊ लागतात. या मरणाऱ्या भागाभोवतीचा गप्प पण जिवंत पट्टा आडवाटेच्या बारीक रक्तवाहिन्यांवर तग धरून असतो. बीपी एकदम पाडलं की तेवढंही रक्त आटतं. इंजेक्शनपूर्वी ते १८५/११०च्या खाली हवं. जास्त असेल तर आम्ही इथे जपून उतरवतो.

शुगर पाहिलीत, हेही मोलाचं. ती फार उतरली तरी एक बाजू लुळी पडू शकते आणि लकव्याचा भास होतो. ॲस्पिरिन दिलं नाहीत, कारण डोक्याचं सीटी स्कॅन होईपर्यंत गुठळी की रक्तस्राव, हे कुणालाच सांगता येत नाही. पाणीही पाजलं नाहीत. गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं.

चालकदादा, सीटी नसलेल्या जवळच्या दवाखान्यात न थांबता तुम्ही थेट इकडे आलात. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद पडली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६मध्ये मांडला गेला आहे. वाटेतून फोन आला, म्हणून सीटीचं टेबल मोकळं ठेवता आलं.

एकच विनंती : वेळेपुढे ती सांगणाऱ्याचा मोबाइल नंबर लिहा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं पाकीट सोबत आणा.

आपले,
स्ट्रोक विभागातले सहकारी