तुझ्यामुळे निरोप पोचायला लागले

दांडिया बाजार, बडोदा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

नाव घालू नका असं तू बजावून सांगितलंस, म्हणून घालत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितोय. मी पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो. माझ्यासारखी हातानं काम करणारी पुष्कळ माणसं आहेत. त्यांनी कुणाकडून तरी वेबसाइट करून घेतलेली असते आणि तिच्यावरून लोक काय लिहितात, ते आपल्यापर्यंत येतं की नाही, हे कधी तपासलेलं नसतं. मीही तपासलं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणी हे वाचलं तर बरं होईल.

उत्तरायणाच्या आधीचा आठवडा होता. तुझ्या पेटीची काळी दोन ही पट्टी बोलत नव्हती आणि मी तिची रीड, म्हणजे जिच्या पितळी जिभेतून सूर निघतो ती, काढून जिभेखालची धूळ साफ करत होतो. तेवढ्यात साठीच्या एक बाई आल्या. हातात स्टीलचा डबा, पोळ्यांचा असतो तसा. झाकण उघडलं तर आत रीडच रीड. पितळेवर हिरवट डाग चढलेले, काहींना अजून गाळ चिकटलेला. बाकी पेटी कुठंय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लाकूड सुटत गेलं हो. मुलानं शेवटी टाकून दिली. एवढ्या मी काढून ठेवल्या. आईची पेटी होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते तूही ऐकलंस. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस, गोकुळाष्टमीच्या पाठोपाठ विश्वामित्रीचं पाणी त्यांच्या सोसायटीत शिरलं. खाली ठेवलेली पेटी दोन दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर त्यांनी माझ्या वेबसाइटवरून लिहिलं. चार दिवसांनी पुन्हा लिहिलं. "उत्तर आलं नाही. म्हटलं, सगळ्यांच्याच पेट्या भिजल्या असतील, तुम्हाला तरी किती जमणार." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच मला जास्त लागलं.

भिजलेल्या पेटीला पहिले काही दिवसच महत्त्वाचे असतात. लगेच उघडून रीडबोर्ड, म्हणजे रीड बसवलेली फळी, बाहेर काढला, पट्ट्या मोकळ्या केल्या आणि सगळं सावलीत वाऱ्यावर वाळवलं, तर बरीचशी वाचते. उन्हात ठेवली तर लाकूड वाकतं, बंद ठेवली तर सरस सुटतो, भाता कुजतो आणि पट्ट्यांच्या स्प्रिंगा गंजतात. एवढं मी फोनवरही सांगू शकलो असतो. दहा मिनिटांचं काम होतं ते.

बाई गेल्यावर मी गप्प बसलो होतो. तू विचारलंस, "काका, लॅपटॉप दाखवता?" आणि माझ्याच फोनवरून माझ्याच फॉर्ममध्ये मला निरोप लिहायला लावलास. मी लिहिला, बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं: धन्यवाद, आपला संदेश मिळाला. आपण दोघं लॅपटॉपकडे बघत बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काही नाही. मग तू मेलचा स्पॅमचा कप्पा उघडलास आणि तिथं माझा निरोप होता. त्याच्याखाली आणखी अकरा होते. अकरा माणसं! एक गोध्र्याची भजनी मंडळी, एक संगीत महाविद्यालयातला विद्यार्थी, एका आजोबांना नातवासाठी जुनी पेटी हवी होती. आणि त्याच्या आधीचं काहीच नव्हतं, कारण त्या कप्प्यातलं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जातं. पुराच्या दिवसांत कुणीकुणी लिहिलं, किती जणांनी लिहिलं, ते आता कधीच कळणार नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तू मला कारण समजावलंस तेव्हा पहिल्यांदा मला ही भानगड कळली. जुना फॉर्म गिऱ्हाइकानं लिहिलेला पत्ताच "पाठवणारा" म्हणून लावत होता. म्हणजे पाकीट टाकलं आमच्या सर्व्हरनं आणि वर नाव दुसऱ्याचं. मेल घेणारा विचारतो, या नावानं टपाल टाकायची या सर्व्हरला परवानगी आहे का? नसते. मग तो ते लबाडाचं समजून बाजूला टाकतो किंवा दारातूनच परत लावतो. त्यात त्याचं चुकत नाही. तू पाठवणारा म्हणून आमच्याच डोमेनचा पत्ता लावलास, गिऱ्हाइकाचा पत्ता "उत्तर इथे द्या" या जागी ठेवलास, मेल खरंच आमच्याकडून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम नावाच्या दोन नोंदी घातल्यास. शिवाय प्रत्येक निरोप मेल करण्याआधी सर्व्हरवरही उतरवून ठेवायची सोय केलीस. मेल हरवला तरी निरोप राहतो. माझ्या लेखी हे सगळ्यात मोठं काम. डोळ्यांना ते दिसत नाही, म्हणून मुद्दाम आधी लिहिलं.

आता दिसतो त्या भागाबद्दल. संपर्काचं आमचं पान वेगळं होतं. कुणी खरज-नर पेटीबद्दल (खालच्या आणि मधल्या सुरांच्या दुहेरी रीडची) वाचत असला आणि त्याला काही विचारायचं असलं तर ते पान सोडून तिकडे जायचं, लिहायचं, मग परत शोधत यायचं. तू म्हणालीस, फॉर्म आहे तिथंच वर उघडू दे, लिहून झालं की मिटू दे, आणि माणूस ज्या ओळीवर होता त्याच ओळीवर राहू दे. मला ते लगेच पटलं. मग मी उत्साहानं म्हणालो, पान उघडल्याबरोबर फॉर्म समोर येऊ दे, म्हणजे कुणाच्या नजरेतून सुटायला नको. तू मान हलवलीस. "काका, गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तुम्ही त्याला नाव-पत्ता विचारता का?" आमच्या वडिलांनी गिऱ्हाइकाला आधी बसायला खुर्ची दिली, मग पाणी दिलं, आणि मग विचारलं. मी पुढे बोललोच नाही. गूगलनंसुद्धा १० जानेवारी २०१७ पासून मोबाइलवर मजकूर झाकून टाकणाऱ्या पॉपअपची पानं शोधात खाली ढकलायचं धोरण आणलं, हे तू नंतर सांगितलंस. मला मात्र पायरीची गोष्टच पुरेशी होती. आता खाली कोपऱ्यात "पेटीबद्दल विचारा" एवढं बटण आहे. दाबलं तरच उघडतं.

रकान्यांवरून आपला थोडा वाद झाला. मला आठ हवे होते: पेटी किती जुनी, रीड पालिताण्याच्या की जर्मन, किती सप्तकं, कप्लर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारा) आहे का. तू तीन ठेवलेस: नाव, फोन, काय झालंय. "बाकी तुम्ही फोनवर विचारालच." खरंय, ज्याची पेटी बंद पडली आहे त्याला रीड कुठल्या ते माहीत नसतं. फोनच्या रकान्यात बोट ठेवलं की मोबाइलवर आकड्यांचीच पाटी वर येते. आयफोनवर रकान्यातली अक्षरं सोळा पिक्सेलपेक्षा लहान असली की पान उगाच मोठं होऊन सरकतं, म्हणून तीही सोळाची केलीस. एकदा बटण दाबलं की निरोप जाईपर्यंत ते पुन्हा दाबलं जात नाही. रेंज गेली तर लिहिलेलं पुसलं जात नाही. जुन्या फॉर्ममध्ये मराठी किंवा गुजराती लिहिलं की आमच्याकडे नुसती प्रश्नचिन्हं यायची, ते यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या सांभाळणारी पद्धत लावून तू सरळ केलंस. बडोद्यात माणूस तीन लिप्यांत लिहितो. आजी मराठीत, शेजारी गुजरातीत, कॉलेजचा पोरगा इंग्रजी अक्षरांत. आता तिन्ही जशीच्या तशी येतात.

आणि सर. त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील.

सर माझ्याकडे वडिलांच्या वेळेपासून येतात. दृष्टी नाही, पण रीड एका श्रुतीनं उतरली तरी दारातून ओळखतात. फोन बोलणाऱ्या वाचकावर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, चालवतात. तू फॉर्म बांधून झाल्यावर त्यांनाच बोलावलंस, "ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांनी आधी बघू दे" म्हणून. तू त्यांना सांगितलंस की ही खिडकी ब्राउझरच्या स्वतःच्या "डायलॉग" नावाच्या तयार सोयीनं केलीय, जी २०२२ च्या मार्चपासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालते. ती उघडली की वाचक आपोआप आत येतो, मागचं पान गप्प होतं, आणि मिटली की ज्या बटणावरून आलात तिथंच परत नेऊन सोडतो. नुसता चौकोन वर काढून ठेवला असता तर फोन मागचंच वाचत बसला असता. सरांनी ऐकत ऐकत भरलं. बटण दाबलं. फोन म्हणाला, निरोप पोचला. आणि आमच्याकडे काहीच आलं नाही.

तुझा चेहरा मला आठवतो. तू सरांना म्हणालीस, पुन्हा एकदा भरा, मी ऐकते. तेव्हा कळलं. यंत्रांनी पाठवलेला कचरा पकडायला तू एक लपवलेला रकाना ठेवला होतास. माणसाला तो दिसत नाही, म्हणून माणूस तो भरत नाही. यंत्र भरतं आणि पकडलं जातं. पण तो डोळ्यांपासून लपवलेला होता, कानांपासून नव्हता. सरांच्या फोननं तो वाचला, सरांनी सरळ मनानं भरला, आणि फॉर्मनं त्यांना यंत्र समजून बाहेर काढलं.

तू सरांच्या पायाशी बसलीस आणि "माझी चूक झाली" एवढंच म्हणालीस. सर म्हणाले, "सापडली ना? मग झालं." तू तिथंच बसून तो रकाना वाचकापासूनही लपवलास, कळफलकानं तिथं जाता येणार नाही असं केलंस. आणि त्याहून महत्त्वाचं, संशय आलेला निरोप यापुढे फेकायचा नाही, वेगळ्या यादीत ठेवायचा, ही तरतूद केलीस. ती यादी मी रोज रात्री दुकान बंद करताना बघतो. आजवर त्यात दोन खरी माणसं सापडली. सरांनी तिसऱ्यांदा भरला तेव्हा लॅपटॉपवर त्यांचा निरोप उमटला: "भाता दम धरत नाही. येऊ का?" सर समोरच बसले होते. मी मोठ्यानं म्हणालो, या!

मी फोनपेक्षा फॉर्मवर एवढा का अडून बसलो होतो, हे तू विचारलं होतंस आणि तेव्हा मी नीट सांगितलं नव्हतं. रीडच्या टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो, आणि फरक एवढा बारीक की कान दुसरीकडे गेला की हातून पितळ जास्त निघतं. निघालेलं पितळ परत लावता येत नाही. म्हणून सूर लावताना मी फोन घेत नाही. वडीलही त्या वेळी कुणाशी बोलत नसत. सुरसागर तलावाकाठी संगीत महाविद्यालय आहे, जे सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा म्हणून सुरू केलं. तिथली मुलं वडिलांच्या काळात चिठ्ठी लिहून उंबऱ्याच्या आतल्या लाकडी खोक्यात टाकून जायची. संध्याकाळी वडील खोकं उघडून एकेक चिठ्ठी वाचायचे आणि मगच जेवायला उठायचे. तू मला ते खोकं परत दिलंस. माझ्या मनात ते असंच आहे.

पैशांबद्दल तू ऐकून घेत नाहीस, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवतो: हे दुकान आहे तोवर तुझ्या पेटीचं काम इथंच होईल आणि त्याचं बिल निघणार नाही. तुझ्या आईंनाही हे सांगितलंय.

त्या बाईंच्या रीड मी साफ केल्या. बेचाळीसपैकी एकोणचाळीस चांगल्या निघाल्या, तीन पालिताण्याहून आणून जुळवल्या. पेटीचा सांगाडा सागाचा नवीन केला. गेल्या महिन्यात त्या पेटी घेऊन गेल्या. जायच्या आधी त्यांनी खुर्चीवर बसून एक अभंग म्हटला, आवाज थरथरत होता. मग विचारलं, "त्या मुलीला सांगाल का?" सांगतोय.

आता आषाढ लागलाय. हवा दमट झाली की पट्ट्या फुगतात आणि दाबल्यावर वर येत नाहीत, त्यामुळे या आठवड्यात रोज दोन-तीन निरोप येतात. काल रात्री वाघोडियाहून एका आजींचा आला, नातीनं टाइप करून दिला असावा: "पांढरी पाच अडकते. घाई नाही. पण एकादशीला भजन आहे." मी आज सकाळीच फोन केला. पेटी उद्या येतेय.

तुझा भाता शिवून तयार आहे. शनिवारी आठपर्यंत दुकान उघडं असेल, सरही येणार आहेत. ये.

तुझा,
पेटीवाले काका