काब-द-रामची वाट ओहोटी पाहूनच धरावी

महोदय,

सुट्टीत दक्षिण गोव्यातल्या आगोंदहून खोला गावच्या किनाऱ्यामार्गे काब-द-राम किल्ला गाठण्याची टूम वाढली आहे. नकाशावर अंतर किरकोळ वाटते, पण वेळ जातो खडकांत आणि चढउतारात. किनाऱ्याकडेने जायचे तर ओहोटीच हवी. पंचमी-षष्ठीच्या सुमारास सकाळी नऊ-दहाला ओहोटी मिळते. पौर्णिमा-अमावास्येला नेमकी दुपारकडे भरती येते आणि दोन टेकड्यांमधल्या पुळणीवर माणूस अडकतो. अशा वेळी लाटांतून वळसा घालू नये, मागे फिरून सड्यावरची, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरची वाट धरावी. सड्यावर सावली नाही, म्हणून माणशी तीन लिटर पाणी न्यावे. उतारावर जांभ्याचे सुटे खडे गोट्यांसारखे घरंगळतात, तिथे चपला कुचकामी. खोल खाचांचे रबरी तळ असलेले बूट हवेत. पावसाळ्यात शेवाळामुळे हा बेतच नको.

किल्ला पोर्तुगीजांनी 1763 मध्ये सोंद्याच्या राजाकडून घेतला. नंतर तिथे तुरुंगही होता. आत सेंट अँथनीचे चर्च उभे आहे, बाकी बरीचशी पडझड. समुद्राकडच्या कड्याच्या टोकावर फोटोसाठी उभे राहणे हा निव्वळ वेडेपणा: खालचा मऊ थर लाटा पोखरतात आणि वर जांभ्याची कड अधांतरी उरते.

आगोंदच्या टोकाला रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा पंचायतीने लावावा. खर्च नगण्य आहे. परतीसाठी मात्र गाडी किल्ल्यापाशी आधीच ठरवून ठेवावी, कारण डिसेंबरात सहानंतर लगेच अंधारते.

– एक वाचक, मडगाव