जंगल बघायचंय की वाघाची हजेरी घ्यायचीय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत जंगल सफारीवर पानभर मजकूर आला. फोटो झकास होते. मजकुरात मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच चौकशी: वाघ हमखास कुठे दिसेल? तो वाचून मराठवाड्यातल्या वाचकाने केलं काय असेल? ताडोब्याचं बुकिंग उघडून पाहिलं असेल, शनिवार-रविवार भरलेले बघून कपाळाला हात लावला असेल, नाहीतर ‘व्याघ्रदर्शनाची गॅरंटी’ देणाऱ्या कुणा ट्रॅव्हल्सवाल्याच्या हवाली झाला असेल. वाघाची गॅरंटी खुद्द वाघ सोडून कुणालाच देता येत नाही, एवढं छापायला त्या पानावर एक ओळ निघायला हरकत नव्हती.

माझं म्हणणं असं की जंगलाचा बेत वाघ धरून आखूच नये. जिथे गर्दी नाही, गाड्यांची रांग नाही, असं जंगल आधी निवडावं आणि मग तिथे राहायचं कसं याचा विचार करावा. असं जंगल आम्हा हिंगोली-परभणी-नांदेडकरांच्या उशाला आहे. मेळघाटातलं गुगामल राष्ट्रीय उद्यान. आपल्या लेखात त्याचं नावसुद्धा नव्हतं.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं सहा, मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. गौताळा, येडशी-रामलिंग, नायगावचं मयूर अभयारण्य, जायकवाडी आणि नांदेडच्या कडेला पैनगंगा, अशी अभयारण्यं आहेत, पण आपल्याकडच्या माणसाची वन्यप्राण्यांशी गाठ पडते ती शेतातच. हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचा (नीलगाईंचा) कळप आणि तूर फुलात आली की रानडुकरं. रात्रभर जागल करणाऱ्या माणसाला प्राणी बघायला पैसे मोजून दुसरीकडे जा म्हणणं त्याला चेष्टाच वाटणार. तरीही सांगतो, जावं. पिकातलं जनावर आणि त्याच्या स्वतःच्या घरातलं जनावर यांत फरक आहे, आणि तो लेकरांना तरी दिसावा.

गुगामल हा मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा गाभा. देशात १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत महाराष्ट्रातून मेळघाट होतं. ताडोबा त्यात पुष्कळ नंतर आलं. पसारा ताडोबा-अंधारीच्या दीडपट, गाभा आणि त्याभोवतीचा बफर पट्टा मिळून पावणेतीन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. सगळा मुलूख सातपुड्याचा, चढ-उताराचा, सागाचा. सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या त्याच्या घळींतून धावत तापीला मिळतात. वाघ आहेत, पण या डोंगरदऱ्यांत ते विखुरलेले असतात आणि गाडीरस्त्यावर येऊन बसायची त्यांना काही गरज पडत नाही. म्हणून गर्दीही नाही. ज्याला लोक मेळघाटाचा तोटा म्हणतात, त्याच्यामुळेच तिथे जायला अर्थ आहे.

पोहोचायचं कसं? हिंगोलीहून वाशीम, अकोला, अकोट असं गेलं तर दुपारपर्यंत शहानूरचं गेट गाठता येतं, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशी. सेमाडोह, कोलखासला उतरायचं असेल तर परतवाड्यावरून धारणीचा रस्ता धरावा लागतो. तो घाटाचा आणि वळणांचा आहे, तेव्हा दिवसाउजेडी पोहोचावं. रेल्वेने अकोल्यापर्यंत आपली पूर्णा-अकोला लाइन आहेच. जुन्या माणसांना आठवत असेल, ही लाइन मीटरगेज होती तेव्हा पूर्णेहून गाडी अकोल्याच्या पुढे थेट मेळघाटातून खांडव्याला जायची आणि खिडकीला नाक लावलं की जंगल फुकटात दिसायचं. अकोला-खांडवा मीटरगेज २०१७ पासून बंद आहे. ब्रॉडगेज करताना ती लाइन व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरून न्यावी, असा आग्रह महाराष्ट्र सरकारने धरला. आमच्याकडच्या अनेकांना ते रुचलं नाही, लांबचा फेरा पडतो म्हणून. मला ते योग्य वाटतं. गाडी थोडी फिरून गेली तर बिघडत नाही. जंगलाला फिरून जायला दुसरी जागा नाही.

आता बेताचं. लोक एक रात्र राहतात, एक सफारी करतात आणि ‘काहीच दिसलं नाही’ म्हणत चिखलदऱ्याला भजी खायला निघून जातात. मेळघाटात एका फेरीत काही दिसत नाही हे खरंच आहे. निदान तीन मुक्काम धरावेत, एकाच ठिकाणी. कोलखासचं विश्रामगृह सिपनेच्या वळणावर उंचावर आहे; तिथे संध्याकाळी नुसतं खुर्ची टाकून बसलं तरी वेळ सत्कारणी लागतो. सकाळची फेरी पहिल्या उजेडात, दुपारची ऊन कलल्यावर, मधला वेळ मोकळा ठेवावा. त्यात चिखलदरा, मुक्तागिरी, आणखी दोन धबधबे असं कोंबू नये. आपल्याकडे सहलीची किंमत पाहिलेल्या ठिकाणांच्या आकड्यावर ठरते, हा रोग जुना आहे.

हंगामाबद्दल आपल्या लेखात ‘उन्हाळा उत्तम’ एवढंच होतं. वाघासाठी उत्तम म्हणायचं असेल. एप्रिल-मेमध्ये पानगळ झालेली असते, पाणवठे थोडे उरतात, जनावर पाण्यावर येतं, म्हणून दिसतं. पण दुपारचं ऊन मराठवाड्याच्या माणसालाही नको म्हणायला लावतं, म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असतील तर विचार करावा. मार्चमध्ये मोह गळायला लागतो, तेव्हाची पहाट मला सगळ्यांत आवडते. सगळ्या रानाला त्या फुलांचा गोड आंबूस वास असतो आणि अस्वलं त्यासाठी झाडाखाली येतात. पावसाळ्यात गाभा बंद असतो. ऑक्टोबरात उघडल्यावर गवत माणसाएवढं उभं असतं, जनावर दहा हातांवर असलं तरी दिसत नाही, पण नद्या वाहत्या असतात. थंडीत पाखरं भरपूर. डिसेंबर-जानेवारीत मात्र सिपनेच्या खोऱ्यात पहाटे उघड्या जिप्सीत बोटं वाकत नाहीत. कानटोपी, शाल आणि जुनं स्वेटर, तिन्ही न्यावं.

बुकिंग व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावं आणि ज्या ओळखपत्रावर केलं तेच मूळ कार्ड गेटवर न्यावं. मोबाइलला बहुतेक भागात रेंज नसते, तेव्हा पावती कागदावर छापून घ्यावी, रोख पैसे खिशात ठेवावेत, डिझेल-पेट्रोल परतवाड्यात किंवा अकोटलाच भरावं. जेवण आधी सांगून ठेवलं तर वेळेवर मिळतं. आपल्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी बरोबर असली की कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. फक्त प्लास्टिकच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या घरी ठेवून जाव्यात.

सगळ्यांत महत्त्वाचा माणूस गाइड. तो बहुधा तिथलाच, कोरकू समाजातला असतो. त्याला गाडीत बसल्या बसल्या ‘वाघ दाखव, खूश करून टाकू’ म्हटलं की तो बिचारा वाघाच्याच मागे गाडी पळवतो आणि बाकी सगळं जंगल दोन्ही बाजूंनी मागे पडतं. त्यापेक्षा त्याला सांगावं, तुला जे दाखवावंसं वाटतं ते दाखव. आमच्या गाइडने असंच एकदा ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावून गाडी थांबवली. समोर काहीच नव्हतं. रस्त्याच्या कडेला एक फोडलेलं वारूळ, आतली माती अजून ओली, लालसर, आणि कडेवर नखांच्या लांब रेघा. त्याने हलक्या आवाजात सांगितलं, अस्वल पहाटेच येऊन गेलं. अस्वल आधी फुंकर मारून माती उडवतं आणि मग ओठांचं नळकांडं करून वाळवी ओढून घेतं. त्यासाठी त्याच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतातच, तिथे फट असते. ओढण्याचा आवाज लांबवर जातो म्हणे. आम्ही इंजिन बंद करून बराच वेळ बसलो. अस्वल काही आलं नाही. आमच्यातल्या एकाने दोनदा घड्याळ बघितलं, पण वारूळ कुणी विसरलेलं नाही.

पाखरांचंही असंच. रानपिंगळा हे एवढंसं घुबड १८८४ नंतर कुणाला दिसलंच नव्हतं. संपलं म्हणून सोडून दिलेलं ते पाखरू १९९७ साली नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडलं आणि पुढे मेळघाटातही आढळलं. इतर घुबडांसारखं ते रात्रीची वाट बघत नाही, दिवसाही हिंडतं. म्हणजे दुर्बीण आणि थोडा धीर असेल तर अख्ख्या जगात फक्त भारतात उरलेलं पाखरू आपण सकाळच्या उन्हात बघू शकतो. यावर आपल्या पुरवणीत अर्धा रकाना तरी यायला हवा होता.

वाघ हमखास दाखवण्याच्या चढाओढीतून काय होतं, ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्यांनी बघितलं. वाघीण आणि तिची पिल्लं मध्ये, दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या. व्हिडिओ फिरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ड्रायव्हर-गाइडांना दोष देणं सोपं आहे. मागच्या सीटवर बसून ‘अजून पुढे घे, अजून पुढे घे’ म्हणणारे कोण होते? तुमच्या-आमच्यासारखेच, सुट्टी टाकून आलेले, पैसे वसूल करायला निघालेले लोक.

आणि वाघाचं म्हणाल तर तो आपल्याकडेही येऊन जातो. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ आमच्या हिंगोली जिल्ह्यातून भटकत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा माग तरी लागला. २०२१ मध्ये गौताळ्यात वाघाचा फोटो निघाला, तोही टिपेश्वरचाच. डिसेंबर २०२४ मध्ये तर एक थेट येडशी-रामलिंगला पोहोचला. कपाशीतून, तुरीतून, ओढ्याच्या कडेने, आपण झोपलेलो असताना. त्या वेळी गावोगाव भीती होती आणि ती खोटी नव्हती, ज्याची जनावरं दगावतात त्याला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. पण अशा बातमीला आपल्या दैनिकात पहिलं पान मिळतं आणि तो वाघ ज्या जंगलातून येतो, ज्या वाटांनी येतो, त्याची माहिती कधी येत नाही. शांत जंगलात चार दिवस राहून आलेला माणूस ती बातमी वेगळ्या डोळ्यांनी वाचतो, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा विनंती अशी. येत्या ऑक्टोबरात गेट उघडण्याआधी मेळघाटची साधी, कामाची माहिती छापावी: कोणत्या गेटला आठवड्याची सुट्टी कधी, फेरीच्या वेळा, गाइड आणि गाडीचे चालू दर, राहायची सोय, जवळचा दवाखाना. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग मचाणावर बसण्याचा ‘निसर्गानुभव’ ठेवतो. त्याच्या नोंदणीची बातमी जागा भरून गेल्यावर न येता आधी यावी. वन विभागाने फोन उचलणारा एक माणूस नेमावा आणि शाळांच्या सहलींसाठी मधल्या वारी काही जागा राखून ठेवाव्यात. एस.टी.ने मराठवाड्यातल्या आगारांतून अकोट आणि परतवाड्याकडे जाणाऱ्या सकाळच्या थेट गाड्या दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरत्या तरी वाढवाव्यात. स्वतःची गाडी नसलेल्या मास्तरांनी चाळीस पोरं घेऊन दोन ठिकाणी गाडी बदलायची म्हटली, तर ते औंढा नागनाथच्या पुढे सहल नेणारच नाहीत.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
हिंगोली