अण्णांची पिशवी खांद्यावर घेणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या काकांना

प्रिय काका,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही हे माहितीये, तरी मराठीतच लिहितेय. इंग्रजीत थँक्यू तुम्हाला तिथं कितीदा तरी म्हणून झालं आणि दर वेळी ते कमीच पडलं. आणि खरं सांगायचं तर हे आमच्या लोकांनी वाचावं असं फार वाटतंय, तुमच्यासाठी इंग्रजीत वेगळं पत्र पाठवणारच आहे.

माझे अण्णा कॅडी होते. आमच्याकडच्या एका गोल्फ कोर्सवर, चौथीत शाळा सुटली तेव्हापासून ते पार गुडघे जाईपर्यंत. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग खांद्यावर टाकून मैदानातले अठराच्या अठरा होल, म्हणजे बॉल घालायचे खळगे, चालणारा माणूस, पण नुसतं ओझं वाहणारा नाही, वारा कुठून आहे, पिन म्हणजे होलातली झेंड्याची काठी किती यार्डावर आहे, इथं सहा नंबरची काठी घ्यायची की सात, ग्रीनवर म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर बॉल कुठं वळणार, हे सगळं तोच सांगतो आणि साहेब फक्त मारतो. जिंकला की साहेब जिंकतो. अण्णांनी दाखवलेल्या लाइनवर पट, म्हणजे बॉल होलात घालायचा हलका फटका, मारून कितीतरी जणांनी कप घरी नेले, क्लबहाउसमध्ये लाकडी बोर्ड आहे त्यावर सोनेरी अक्षरात सालवार त्यांची नावं आहेत म्हणे. म्हणे अशासाठी, की अण्णांनी तो बोर्ड कधी जवळून वाचला नाही, कॅडीनं मागच्या शेडच्या पुढं यायचं नसतं.

काम सुटल्यावर क्लबचा एक मोठा कार्यक्रम होता. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून, आईनं दिलेला पेढ्यांचा पुडा घेऊन गेले, आणि गेटवरूनच परत आले, यादीत नाव नव्हतं. आत ज्यांचे सत्कार चालले होते त्यातल्या निम्म्यांना ग्रिप कशी धरायची हे अण्णांनी शिकवलेलं. घरी आले, शर्ट घडी करून ठेवला, काही बोलले नाहीत. मला अजून तो दिवस आठवला की घशाशी येतं, त्यामुळे ही तक्रार आहे असं कुणाला वाटलं तर हो, तक्रारच आहे.

मेंबर लोक जुनी इंग्रजी गोल्फ मासिकं टाकून द्यायचे, ती अण्णा घरी आणायचे. वाचता यायची नाहीत, फोटो बघायचे. त्यातच तो ओढ्यावरचा छोटा दगडी पूल, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या गावचा, तिथल्या ओल्ड कोर्स नावाच्या मैदानावरचा. मी नोकरीसाठी एडिनबराला आले आणि अण्णांचा व्हिसा झाला तेव्हा त्यांनी किल्ला नको, लंडन नको, एवढंच विचारलं की तो पूल तिथून लांब आहे का गं. आधी एका टूरवाल्यांकडे पैसे भरले. यादीत सेंट अँड्र्यूज होतं, प्रत्यक्षात बस पार्किंगला उभी केली, फोटो काढा म्हणाले आणि पूल लांबूनसुद्धा दिसायच्या आत सगळ्यांना परत आत बसवलं. मी त्यांच्या ऑफिसात फोन केला तर म्हणतात, तुम्ही प्लेयर नाही ना, मग तुम्हाला तिथं बघायचंय काय? म्हणून मग आम्ही दोघंच गेलो, ट्रेननं ल्यूकर्स आणि तिथून बस. नेमका रविवार. कोर्स बंद. मला इतकं अपराध्यासारखं झालं, अण्णा तर कठड्यापाशी हात मागं बांधून उभेच राहिले, आत पाय टाकायची सवयच नाही ना परवानगीशिवाय.

आणि तुम्ही कुत्र्याला फिरवत आलात. म्हणालात, आज बंद आहे म्हणूनच आज तुमचा दिवस आहे, रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ नसतो, गावातलं कुणीही, बाहेरचं कुणीही फिरू शकतं, चला. जगातला सगळ्यात नावाजलेला गोल्फ कोर्स आणि त्यावर पोरं पळतायत, म्हाताऱ्या बायका गप्पा मारत चालल्यात! मी अण्णांना सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना, दोनदा विचारलं, कुणी हाकलणार नाही ना.

मी तुम्हाला सांगितलं की माझे वडील कॅडी होते. तुम्ही थांबलात, टोपी काढलीत, आणि म्हणालात मीपण. आणि मग काका, तुम्ही ते केलंत ज्याच्यासाठी हे पत्र आहे. अण्णांच्या खांद्यावर त्यांची कापडी पिशवी होती, पाण्याची बाटली, औषधं, चपात्यांचा डबा, स्वेटर. तुम्ही काही न बोलता पुढं झालात, पिशवीचा बंद त्यांच्या खांद्यावरून उतरवलात आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलात, अगदी कॅडी बॅग घेतो तशी, बंद जरा पुढं ओढून, पिशवी पाठीवर आडवी. आणि अण्णांच्या डाव्या बाजूला एक पाऊल मागं चालायला लागलात. अण्णांना कळलं. मला कळायच्या आधी त्यांना कळलं, कारण ते एक पाऊल मागं त्यांनी आयुष्यभर चाललेलं. ते म्हणाले, नो सर, नो सर, आणि पिशवी परत घ्यायला लागले, तुम्ही मान हलवलीत आणि हातानं पुढं चला असं दाखवलंत. सत्तरीच्या माणसानं सत्तरीच्या माणसाचं ओझं घेतलं यात लोकांना काय मोठं वाटेल माहीत नाही, पण माझ्या बापाची पिशवी आजवर दुसऱ्या कुणी उचलली नव्हती.

मग तुम्ही बोलत राहिलात आणि मी जमेल तसं मराठीत सांगत राहिले. मला वाटलं होतं राजेरजवाड्यांच्या गोष्टी ऐकायला मिळतील. तुम्ही सुरुवात केलीत 1552 पासून, आर्चबिशप हॅमिल्टननं सनद दिली की या वाळूच्या जमिनीवर गावातल्या लोकांना गोल्फ खेळायचा हक्क आहे, म्हणजे जमीन कुणाचीही असो, खेळ गावाचा. मधे नगरपालिका कर्जात बुडाली आणि जमीन ससे पाळणाऱ्यांच्या हातात गेली, सशांनी मैदान पोखरून टाकलं, त्यावरून भांडणं, कोर्टकचेऱ्या, शेवटी 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या गोल्फवेड्या जमीनदारानं ती विकत घेऊन वाचवली. आज 1974 च्या कायद्यानं झालेला ट्रस्ट बघतो सगळं. उमरावांची सोसायटी 1754 ची, पुढं तीच रॉयल अँड एन्शंट झाली, जगाचे नियम करू लागली, पण तुम्ही मान वळवून दाखवलंत ते गावातल्या कारागिरांनी 1843 मध्ये काढलेल्या सेंट अँड्र्यूज गोल्फ क्लबकडे. यातल्या कुणाचंच स्वतःचं मैदान नाही, सगळे याच गावच्या मैदानावर खेळतात, हे ऐकून अण्णा केवढ्यानं हसले.

चॅम्पियन तर त्या गावात गल्लीगल्लीत. ॲलन रॉबर्टसन चामड्यात पिसं कोंबून बॉल बनवायचा, टोपीभर पिसं एका बॉलमध्ये, आणि 1858 मध्ये ओल्ड कोर्स 79 फटक्यांत संपवणारा, म्हणजे ऐंशीच्या आत येणारा पहिला माणूस तोच. त्याच्या हाताखाली शिकलेला टॉम मॉरिस. रबरासारख्या चिकाचा नवा स्वस्त बॉल आला, टॉम तो खेळताना दिसला आणि दोघांचं बिनसलं, पण स्वस्त बॉलमुळंच तर साध्या माणसाला खेळ परवडायला लागला. टॉमनं ओपन, म्हणजे ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा, चार वेळा जिंकली, शेवटची 1867 मध्ये वयाच्या 46 व्या वर्षी, आणि तरी 1903 पर्यंत तो गावचा ग्रीनकीपर, म्हणजे मैदान राखणाराच राहिला, हातात फावडं आणि वाळू. बापाच्या शेवटच्या विजयाच्या पुढच्याच वर्षी, 1868 ला, त्याच्या पोरानं, धाकट्या टॉमनं म्हणजे टॉमीनं, सतराव्या वर्षी जिंकली. ओळीनं तीन वेळा जिंकून बक्षिसाचा पट्टाच कायमचा घरी नेला, त्यामुळं 1871 ला द्यायला बक्षीसच नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही, आणि 1872 ला परत हाच! बायको आणि बाळ बाळंतपणात गेलं आणि त्याच 1875 च्या नाताळला हापण गेला, 24 वर्षांचा. कॅथेड्रलच्या पडक्या भिंतीत त्याचा दगडी पुतळा आहे बॉलवर वाकलेला, तिथं अण्णांनी चप्पल काढून हात जोडले.

पण तुमचा आवाज खरा चढला तो टिप अँडरसनपाशी. गावचाच कॅडी. अमेरिकेचा मोठा खेळाडू अर्नोल्ड पामर 1961 आणि 1962 ची ओपन जिंकला तेव्हा बॅग टिपच्या खांद्यावर. 1964 ला ओपन याच गावात होती, पामर आला नाही, त्यानं टिपला टोनी लेमा या दुसऱ्या अमेरिकन खेळाडूकडे दिलं, लेमाला इथं सराव करायला वेळही फारसा मिळाला नव्हता, टिप सांगेल तिथं तो मारत गेला आणि जिंकला, आणि श्रेय टिपला आहे हे त्यानं उघड सांगितलं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते थांबले. विचारलं, सगळ्यांसमोर सांगितलं? मी म्हटलं हो अण्णा, सगळ्यांसमोर.

मग अण्णा सुटले. त्यांचं इंग्रजी म्हणजे कोर्सवरचं, टू कप लेफ्ट, स्लो अपहिल, नो सर डोन्ट हिट ड्रायव्हर, पण तुमचं दोघांचं चाललं होतं मस्त, माझी गरजच उरली नाही. अलीशेरचं नाव त्यांनी छाती काढून घेतलं, दिल्ली गोल्फ क्लबचा कॅडी, 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. आणि चौरसिया, रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा पोरगा, जो क्लब 1829 चा, ब्रिटनच्या बाहेरचा सगळ्यात जुना, तिथल्या गवतावर वाढला आणि 2016 ला इंडियन ओपन, 2017 ला परत इंडियन ओपन. तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत आणि स्पेलिंग विचारून नाव लिहून घेतलंत. म्हणालात, ग्रीनकीपरचा मुलगा, म्हणजे टॉमीसारखाच. आमच्याकडे ज्यांनी अण्णांना जन्मभर वापरून घेतलं त्यातल्या एकानंही त्यांना खेळाबद्दल कधी प्रश्न विचारला नाही, आणि तुम्ही त्यांचं ऐकून लिहून घेत होतात.

सोळाव्याच्या ग्रीनवर दोन होल दिसले तेव्हा तुम्ही कोडं घातलंत, दुसरा आणि सोळावा एका ग्रीनवर, तिसरा आणि पंधरावा एका, चौथा आणि चौदावा, काय दिसतं? अण्णांनी बोटं मोजली आणि ओरडलेच, अठरा! दर जोडीची बेरीज अठरा. त्या वेळचा त्यांचा चेहरा माझ्याकडे फोटोत आहे.

पूल पण झाला. त्यावर त्यांना एकट्याला उभं करून तुम्ही बाजूला झालात, पिशवी तुमच्याच खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी परत बोलावलंत हिमालय नावाच्या त्या पटिंगच्या मैदानावर, सगळे उंचवटे आणि खळगे. 1867 पासून ते गावातल्या बायकांच्या क्लबचं आहे, तेव्हा बाईनं खांद्याच्या वर गोल्फची काठी उचलणं वाईट दिसतं म्हणायचे, म्हणून त्यांना हा तुकडा मिळाला, टॉम मॉरिसनंच आखून दिलेला, आणि तो त्यांनी असा सांभाळला की आज थोडे पैसे देऊन कुणीही येऊन खेळतं. (शेजारच्या रॉयल अँड एन्शंट क्लबात बायकांना मेंबर व्हायला 2014 उजाडावं लागलं, हेपण लिहून ठेवते.) तिथं माझ्या वडिलांनी खेळाडू म्हणून पट मारला. तुम्ही मागं वाकून बसलात, डोळा बारीक करून लाइन बघितलीत आणि म्हणालात, वन कप राइट, सर, म्हणजे होलच्या एका रुंदीएवढं उजवीकडे मारा. सर म्हणालात. अण्णांनी तुमचं ऐकलं नाही, स्ट्रेट मारला, आणि गेला आत! तुम्ही दोघं एकमेकांच्या पाठीवर जे काही थापा मारत होतात, बाजूची लहान पोरं बघत राहिली.

काका, पैसे तुम्ही घेतले नाहीत, चहा तुम्ही पाजलात, पत्ता मागितला तर म्हणालात कॅडींच्या तिथं विचारा, सगळे ओळखतात. असा साधा चांगुलपणा ज्यांच्याकडे आहे त्यांना तो आहे हे माहीतही नसतं, आणि ज्यांच्याकडे गेट आहे, यादी आहे, सोनेरी अक्षरांचा बोर्ड आहे त्यांना तो सुचत नाही. तुम्हाला अण्णा कोण हे ठाऊक नव्हतं, ते तुमच्या कधीच कामाला येणार नव्हते, तरी तुम्ही मान दिलात तो बरोबरीचा दिलात, दयेचा नाही.

अण्णा आता गावी परतलेत. शेजारच्या पोरांना टॉम मॉरिस सांगत असतात, टिप अँडरसन सांगतात, आणि तुमचं सांगताना म्हणतात माझा स्कॉटलंडचा कॅडी-भाऊ. त्यांचा निरोप असा आहे की थंडीत इकडं या, हुरड्याला, राहायची खायची काळजी नको, आणि वन कप राइटचं म्हणाल तर ते अजून मान्य नाही.

सेंट अँड्र्यूज किंवा डंडीला शिकणारी आपली मराठी पोरं हे वाचत असतील तर एक काम करा. रविवारी ओल्ड कोर्सवर पांढऱ्या-तपकिरी कुत्र्याबरोबर फिरणारे, टोपी घालणारे, थोडे पुढं झुकून चालणारे एक आजोबा दिसतील, निवृत्त कॅडी आहेत. त्यांना थांबवा आणि हे इंग्रजीत वाचून दाखवा. घाईत नको, पिशवीचा भाग तर नीट सावकाश वाचा.

तुमची,
एका कॅडीची मुलगी