फणसाडच्या मामांना जाहीर पत्र

प्रिय मामा,
सप्रेम नमस्कार.

आभार मानायला वाडीवर आले असते, तर तुम्ही "आभार कसले, बस, चहा घे" म्हणून विषय मिटवला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमची नात वाचून दाखवील. बाबांना ओळखणारे बाकीचेही वाचतील, पण त्यांतल्या बहुतेकांना बाबा माहीत आहेत ते एसटीचे कंडक्टर म्हणून. जंगलातले बाबा तुमच्या वाट्याचे होते. आम्हा घरच्यांना मिळायचे ते रविवारी रात्री चिखलाच्या चपला बाहेर काढून थेट आडवे होणारे.

शोकसभेच्या बॅनरवर त्यांच्या नावाआधी 'निसर्गप्रेमी' छापलं होतं. ते वाचून तुम्ही तोंडावर रुमाल धरलात, ते मी पाहिलं बरं का! वृक्षारोपणाचं बोलावणं आलं की बाबा जायचे, पण आधी खड्ड्याशेजारचं रोप कुठलं ते बघायचे. ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गुलमोहर, म्हणजे बाहेरदेशीचं झाड निघालं की "ड्युटी आहे" म्हणून सटकायचे. रिटायर झाल्यावरसुद्धा.

तुमची ओळख कशी झाली ते आई अजून रंगवून सांगते. तुमचा आग्या मोहोळाच्या मधाचा डबा गाडीत गळला, सीटखाली मुंग्या झाल्या, पॅसेंजर ओरडायला लागले. बाबांनी शांतपणे डब्याचं लगेज तिकीट फाडलं, तुमच्याकडून पैसे घेतले आणि मग विचारलं, मोहोळ कुठल्या झाडावर होतं? तुम्ही म्हणालात, बेहड्यावर. "रविवारी दाखवशील?" एवढ्यावर तुमची दोस्ती ठरली. 1986 साली आमच्या रायगड जिल्ह्यात फणसाडचं अभयारण्य झालं, त्याला तेव्हा फार वर्षं उलटली नव्हती. मध काढायचा की नाही यावर तुम्हा दोघांत काय बोलणं झालं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुढे तुम्ही तिथेच रोजंदारीवर लागलात, त्यावरून काय तो अंदाज बांधायचा.

जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा, म्हणून ते जंगल एवढं टिकलं, असं बाबा सांगायचे, आणि वर म्हणायचे, "नवाबाने राखलं मारण्यासाठी, आपण नुसतं बघण्यासाठी राखू." त्यांना ते जंगल दाखवलंत तुम्ही. नकाशावर जेमतेम पन्नासेक चौरस किलोमीटरचा ठिपका, पण तुमच्या पायांना त्यातली प्रत्येक गाण ठाऊक. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे जंगलातल्या पाणवठ्याला गाण म्हणतात. उन्हाळ्यात चिखलगाणीवर कोण कोण येऊन गेलं, हे तुम्ही काठावरच्या चिखलात वाचायचात आणि बाबा उतरवून घ्यायचे.

ते लिहायचे कशावर, तर जुन्या वेबिलांच्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीवर. पुढच्या बाजूला तिकिटांचे नंबर आणि जमा रक्कम, मागे पेन्सिलीने जंगल. एका वेबिलावर आहे: "चिखलगाण. पाणी घोट्याएवढं. सांबराचे खूर, शेजारी लहान खूर. गारंबीची शेंग वाळून फुटली, गड्याने दोन बिया दिल्या." गड्या म्हणजे तुम्ही, आणि गारंबी म्हणजे जंगलातली मोठी वेल. ती हातभरापेक्षा लांब शेंग बाबांनी एकदा घरी आणली होती. आईने माळ्यावर ठेवली आणि आम्ही भावंडांनी त्यातल्या चपट्या तपकिरी बिया फरशीवर घासून एकमेकांना चटके दिले. शेकरूची घरटी तुम्ही मोजायचात तेव्हाही बाबांची टीप असायची: घरटी पाच दिसली म्हणजे शेकरू पाच नव्हेत, एकच प्राणी आपल्या हद्दीत तीनचार बांधून ठेवतो.

तिकिटाचा पंच तर रिटायर झाल्यावरही खिशात असायचा. तांबट पक्षी टुक-टुक बोलायला लागला की बाबा झाडाखाली बसून टक-टक करत त्याला उत्तर द्यायचे. तांबट फसायचा की नाही कोण जाणे. तुम्ही मात्र म्हणायचात, "त्याला सुट्टे पैसे दे आधी."

गिधाडांच्या पायी तुम्ही दोघं गावोगाव फिरलात, तेही विसरू नये. दुखणाऱ्या गुरांना डायक्लोफिनॅक टोचायचे, जनावर मेलं की ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. बंदी कागदावर आली, पण गोठ्यापर्यंत ती पोचवायची कोणी? बाबा गाडीतच पॅसेंजरांना पकडून समजवायचे. लोक वैतागायचे. तिकीट मागितलं तर भाषण मिळतं, अशी आमच्या वडिलांची कीर्ती होती.

3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आमच्या सगळ्या पट्ट्यावरून गेलं. सुपारीच्या वाड्या झोपल्या, पत्रे उडाले, वीज कितीतरी दिवस नव्हती. रस्त्यात झाडं आडवी असताना तुम्ही कोयता घेऊन चालत आलात आणि आमच्या पडवीवर पडलेला फणस तोडायला घेतलात. स्वतःच्या घरावरचे पत्रे तेव्हा शेतात होते, हे आम्हाला नंतर दुसऱ्यांकडून समजलं.

पण मला खरे आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या काळाचे. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. बोलण्याचे व्यायाम करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तक्ता आणून त्यांच्यापुढे क-ख-ग धरायचो आणि ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. अपमान वाटत असणार. तुम्ही आलात, तक्ता बाजूला ठेवलात आणि खाटेखालच्या वेबिलांचा गठ्ठा काढलात. तुम्हाला वाचता येत नाही आणि त्यांना बोलता येत नाही, तेव्हा हे काय चाललंय ते मला कळेना. तुम्ही एक एक कागद त्यांच्या डोळ्यांसमोर धरायचात आणि म्हणायचात, "काय लिवलंय रे यात? सांग, नायतर चुलीत घालतो." बाबा चिडून ओरडायचे. पहिल्यांदा नुसता आवाज निघायचा. मग "गा". काही आठवड्यांनी "गारंबी", अख्खं. कोणाचं औषध लागू पडलं ते मी सांगणार नाही. डॉक्टरही चांगले होते. पण आठवड्यातून एकदा तुम्ही यायचात, त्याच्या आदल्या दिवसापासून बाबा दाढी करून घ्यायला मागायचे.

मे सरताना नवरंग पक्षी आला की तुम्ही पहाटे माळावर, रेंज मिळेल तिथे चढायचात आणि नातीच्या मोबाईलवरून फोन लावायचात. मी तो बाबांच्या कानाला धरायची. पलीकडून दोन सुरांची ती शीळ, मग तुमचा खोकला, मग परत शीळ. फोन ठेवल्यावर बाबा डाव्या हाताने वेबिलावर तारीख गिरवायचे.

बाबा गेल्यानंतर, दहाव्याला, कावळा काही शिवेना. तुम्हाला आठवतंय ना? काका म्हणाले, धाकटीचं लग्न करू. आत्या म्हणाली, घर विकणार नाही. सगळ्यांनी आळीपाळीने शब्द दिले, भटजी घड्याळाकडे बघायला लागले, आई रडकुंडीला आली. तुम्ही मागे उंडीच्या झाडाकडे बघत उभे होतात. म्हणालात, "त्याचं काय राहिलेलं नाय. कावळे तिकडं घुबडाच्या मागं लागलेत. त्याला हाकलू द्या, येतील." बघितलं तर खरंच, पानांत एक गव्हाणी घुबड अंग चोरून बसलं होतं आणि सगळा काव-काव गोंधळ त्याच्याभोवती. थोड्या वेळाने ते उडून गेलं आणि कावळे पिंडावर आले. त्या दिवसात आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. ते हसू तुम्ही दिलंत, मामा, आणि त्याबद्दल आईने वेगळे आभार सांगितलेत.

आता एक काम आहे. वेबिलं आम्ही वहीत उतरवून काढतोय. त्यात बऱ्याच झाडांची नावं तुमच्या वाडीत म्हणतात तशी आहेत. बाबांनी ती ऐकून लिहिली आणि अक्षर आम्हाला लागत नाही. मी वाचेन तसं, तुम्ही सांगा झाड कुठलं आणि कुठे उभं आहे. दिवाळी झाली की या, नातीलाही आणा. आई सुकटीची चटणी करून ठेवतेय, आणि यावेळी तुमचं तिकीट आम्ही काढणार.

तुमची भाची