प्लास्टर होण्याआधी

धायरी, पुणे

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. पाटणच्या जागेवर दिवाळीनंतर घराचा पाया घ्यायचे तू ठरवले आहेस हे वाचून फार आनंद झाला. चौरस फुटाचा दर ठरला असून कंत्राटदाराने "बाकी सगळे मी बघतो, तुम्ही निर्धास्त राहा" असे सांगितल्याचेही तू लिहिले आहेस. ते वाक्य वाचल्यावर मी त्याच रात्री पत्र लिहायला बसलो, कारण दीड वर्षापूर्वी धायरीच्या प्लॉटवर उभे राहून मी अगदी हेच शब्द ऐकले होते आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला होता. माझे काम पाच महिने रखडले एवढेच मी तुला फोनवर सांगितले होते. ते का रखडले, हे आता सविस्तर लिहितो.

माझे घर तळमजला आणि वर एक मजला एवढेच आहे. बारा कॉलम, प्रत्येक नऊ इंच बाय अठरा इंच, आणि काँक्रीट एम २५, म्हणजे अठ्ठावीस दिवसांनंतर त्याच्या चाचणीच्या ठोकळ्याची ताकद चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन भरावी असे. तळमजल्याचे कॉलम आणि त्यावरचा स्लॅब झाला, तेव्हा मी हिच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेत अडकलो होतो आणि साइटवर जाणे फारसे झालेच नाही. पहिल्या मजल्याचे कॉलम भरून झाल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटभोवतीचा साचा, खोलताना मात्र मी तिथे होतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या कॉलमची प्लाय निघाली आणि तळाच्या फूटभर भागात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके दिसली. खडी उघडी पडली होती, बोट आत जात होते, आणि उभ्या सळयांना आवळणाऱ्या दोन रिंगा बाहेरून स्पष्ट दिसत होत्या. मी काही बोलेपर्यंत मुकादमाने एका गवंड्याला सिमेंटची घोटी करून त्यावर थापायला सांगितले होते. मी त्याला थांबवले. कंत्राटदाराला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "काका, असे होतच असते, प्लास्टरमध्ये सगळे झाकले जाते."

तीस वर्षे मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेज लावून भाग तपासले. जे झाकले जाते तेच आधी मोजायचे, ही सवय माझ्या हातात आहे. त्याच संध्याकाळी मी ओळंबा आणि टेप घेऊन बाराही कॉलम मोजले. सात ठीक होते. तीन जरासे कललेले होते, आणि दोन कॉलम दहा फूट उंचीत तीस मिलिमीटरने बाहेर गेले होते. कॉलम कलला की वरचा भार त्याच्या मध्यातून उतरत नाही, तो बाजूला पडतो, आणि दाबाच्या जोडीला वाकवणारा जोर त्या कॉलमवर जन्मभर राहतो. याचे कारण खाली स्लॅबवर सापडले. स्टार्टर, म्हणजे कॉलमची जागा पक्की करणारे बुंध्याचे छोटे काँक्रीट, चुकीच्या जागी बसले होते, आणि ते तोडून पुन्हा करण्याऐवजी सळया बांधणाऱ्या फिटरने उभ्या सळया बुंध्याशी वाकवून साच्याच्या पेटीत कशाबशा बसवल्या होत्या. पेटीला तिरके टेकू दोनच बाजूंनी दिले होते.

तुला कदाचित वाटेल की एवढ्यातेवढ्याने काय बिघडते. म्हणून रिंगांचे सांगतो, कारण मला सर्वांत जास्त राग त्यांचाच आला. ड्रॉइंगमध्ये कॉलमच्या दोन्ही टोकांना रिंगा १०० मिलिमीटर अंतरावर दाखवल्या होत्या. उघड्या पडलेल्या भागात त्या दोनशेच्या आसपास निघाल्या. शिवाय रिंगेचे टोक काटकोनात वळवलेले होते. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकानुसार ते १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घुसवायचे असते. भूकंपात कॉलम बहुधा टोकांशी, बीमला मिळतो तिथेच फुटतो. सळयांवरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, झडले की काटकोनातला हूक उघडतो, रिंग सुटते, आणि मग उभ्या सळयांना आवळून धरणारे काहीच उरत नाही. वसंत, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात आपण दोघे वाकळ पांघरून अंगणात उभे होतो आणि समोरच्या घराची भिंत रस्त्यावर पडलेली होती, ते तू विसरला नसशील. भूकंपाच्या आयएस १८९३ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात आहे आणि कोयनेचा परिसर चौथ्या. माझ्यापेक्षा तुझ्या घराला त्या रिंगांची गरज अधिक आहे.

दुसऱ्या दिवशी मी सर्व कॉलमचे फोटो काढले, मोजमापे वहीत लिहिली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरना साइटवर बोलावले. त्यांनी मुकादमाला शांतपणे प्रश्न विचारले आणि मुकादमानेही काही लपवले नाही. काँक्रीट हलवून दाट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई तुटली होती आणि कंत्राटदाराने भाड्याने दुसरी आणून दिली नव्हती. माल वरून थेट दहा फूट खाली टाकला होता, काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे तो साधारण दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून पडू द्यायचा नसतो. पेटीच्या तळाशी फट होती, तिथून सिमेंटचे पाणी वाहून गेले आणि खडी मागे राहिली. सळया साच्यापासून दूर ठेवणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे खोचले होते, त्यामुळे जिथे ४० मिलिमीटर कव्हर हवे तिथे काही ठिकाणी पंधरासुद्धा नव्हते. आरसीसी ड्रॉइंग तर फिटरला कोणी दाखवलेच नव्हते, ते कंत्राटदाराच्या गाडीत होते. त्या माणसांवर मी चिडलो नाही. पुढे त्याच फिटरला ड्रॉइंग हातात देऊन समजावले, तेव्हा त्याने इतक्या सुबक रिंगा वळवल्या की पाहत राहावे.

वर दिसते तेच खालीही असणार, ही शंका इंजिनिअरांनी बोलून दाखवली आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण खालच्या कॉलमवर स्लॅबचा भार केव्हाच आला होता. आम्ही सगळ्या कॉलमची अल्ट्रासॉनिक चाचणी करून घेतली. काँक्रीट चांगले असेल तर ध्वनिलहर त्यातून सेकंदाला साडेतीन किलोमीटरहून अधिक वेगाने जाते, आणि वेग त्याच्या बराच खाली गेला की ते काँक्रीट संशयास्पद समजतात. तळमजल्याचे दहा कॉलम ठीक निघाले, दोन ठिकाणी वेग २.८ आला. त्या दोन कॉलममधून कोअर, म्हणजे ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे गोल नमुने, कापून काढले. मानकानुसार कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि कोणताही एक ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये, म्हणजे माझ्या बाबतीत २१.२५ आणि १८.७५. सरासरी १९ आली आणि एक कोअर १६ वर आला. तो अहवाल हातात घेऊन मी बराच वेळ त्या स्लॅबखाली बसून राहिलो.

कंत्राटदाराने आधी हसून टाळले, मग काम सोडून जाण्याची भाषा केली. माझी बाजू एका बाबतीत दुबळी होती. आमचा करार एका पानाचा होता आणि त्यात दर व मुदत याखेरीज काहीच नव्हते, चाचणी कोणी करायची, काम नापास झाले तर तोडण्याचा खर्च कोणाचा, याचा एक शब्दही नव्हता. घरखरेदीदारांसाठीच्या रेरा कायद्यातले पाच वर्षांचे दोषदायित्व विकासकाकडून घर घेणाऱ्याला मिळते, स्वतःच्या प्लॉटवर कंत्राटदार नेमणाऱ्याला ते लागू होत नाही, हेही तेव्हाच कळले. मात्र हे काम म्हणजे पैसे देऊन घेतलेली सेवा आहे, आणि सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, असे वकिलांनी सांगितले. सुदैवाने पुढच्या टप्प्याचे पैसे मी दिलेले नव्हते. मी इंजिनिअरांचा अहवाल, फोटो आणि मोजमापे जोडून रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवले. त्यात एकही कठोर शब्द वापरला नाही, फक्त कोणत्या कॉलममध्ये काय आढळले, काय करायला हवे आणि किती दिवसांत, एवढेच लिहिले. दहाव्या दिवशी तो स्वतः घरी आला. त्या कागदांपुढे त्याला वाद घालता आला नाही, आणि आयोगापर्यंत जाण्याची वेळ आली नाही.

वरचे तीन कॉलम, म्हणजे दोन जास्त कललेले आणि स्वयंपाकघराचा, तोडून पुन्हा भरायचे ठरले. वरचा स्लॅब अजून व्हायचा होता म्हणून हे शक्य झाले. महिनाभर उशीर झाला असता तर तो मार्गही बंद झाला असता. खालच्या दोन कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नवे आवरण, करावे लागले. आधी स्लॅबला टेकू देऊन भार उतरवला, कॉलमच्या पायापर्यंत खणले, जुना पृष्ठभाग टाचून खडबडीत केला, भोवती नव्या सळया आणि दाट रिंगा बांधल्या आणि चारही बाजूंनी १०० मिलिमीटर मायक्रोकाँक्रीट, म्हणजे बारीक खडीचे पातळ काँक्रीट, भरले. नऊ बाय अठराचा कॉलम सतरा बाय सव्वीसचा झाला. खालच्या खोल्यांची तेवढी जागा त्यात गेली. तोडण्याचा आणि नव्याने भरण्याचा खर्च त्याने सोसला, जॅकेटिंगचा निम्मा मी दिला. ते न्याय्य होते असे मला वाटत नाही, पण पावसाळा तोंडावर होता आणि मला ते कॉलम लवकर सुरक्षित हवे होते.

आता तुझ्या कामाचे. करार सही करण्याआधी मला पाठव. प्रत्येक कॉलम आणि स्लॅब भरण्यापूर्वी इंजिनिअर स्टील तपासून सही करतील, प्रत्येक वेळी ठोकळे भरून प्रयोगशाळेत जातील, आणि नापास काम कंत्राटदार स्वखर्चाने तोडील, ही तीन वाक्ये त्यात असलीच पाहिजेत. शेवटचे दहा टक्के पैसे एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेव. ड्रॉइंगची एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून साइटवर टांगून ठेव. कंत्राटदाराला राग येईल या संकोचाने गप्प बसू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो.

पहिले कॉलम भरायच्या दोन दिवस आधी मला फोन कर. स्वारगेटहून सकाळच्या एसटीने कराडला आणि तिथून पाटणला येतो. ओळंबा, गुण्या आणि टेप माझ्या पिशवीत असतील, फक्त सेंट्रिंग बंद होण्याआधी मला रिंगा पाहू दे. वहिनींना नमस्कार सांग. हिचा डोळा आता बरा आहे आणि तिने तुम्हा दोघांना घर पाहायला बोलावले आहे.

तुझा,
श्रीधर