काळ्या कागदाखालचे पानही निळे झाले तर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत मुलांसाठी प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग दिला आहे: पानाला काळा कागद लावा, झाड दिवसभर उन्हात ठेवा, पानावर आयोडीन टाका, उघडा भाग निळा होईल, झाकलेला होणार नाही. या कृतीने तसे घडणार नाही, आणि ते का घडत नाही यातच खरे जीवशास्त्र आहे.

पहिली चूक सुरुवातीलाच आहे. उन्हात पान स्वतःसाठी अन्न बनवते आणि ते स्टार्च (पिष्ट) म्हणून साठवते; आयोडीन स्टार्चला लागले की निळा रंग येतो. पण पानात आधीच्या दिवसाचा स्टार्च शिल्लक असतो. म्हणून झाड आधी 24 ते 48 तास पूर्ण अंधारात ठेवावे लागते. तेवढ्यात साठलेल्या स्टार्चची साखर होऊन ती वापरली जाते. हे न केल्यास कागदाखालचा भागही निळा होतो, आणि मूल वहीत मात्र ‘अपेक्षित’ उत्तर लिहून मोकळे होते. झाड अंधारातून काढताच त्याचे एक पान तपासावे. ते आयोडीनच्या फिकट तपकिरी रंगाचेच राहिले, तरच पुढे जावे. मग कागद पानाच्या दोन्ही बाजूंनी लावावा, कारण खालूनही उजेड शिरतो, आणि झाड चार ते सहा तास उन्हात ठेवावे.

दुसरी चूक थेट पानावर आयोडीन टाकण्याची. मेणचट आवरणातून ते आत जात नाही, गेले तरी हिरव्या रंगात निळा दिसत नाही. पान आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात धरावे, म्हणजे पेशी मरतात आणि त्यांची पटले सैल होतात. नंतर ज्योत पूर्ण विझवावी. परीक्षानळीत अल्कोहोल घेऊन त्यात पान बुडवावे आणि नळी त्या गरम पाण्यात उभी करावी. अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसला उकळते व त्याची वाफ चटकन पेट घेते. ते ज्योतीवर कधीही तापवू नये आणि हे काम मोठ्यांनीच करावे. हरितद्रव्य उतरले की पान पांढरट व कडक होते. ते कोमट पाण्यात बुडवून मऊ करावे, पांढऱ्या बशीत पसरावे आणि वर आयोडीनचे सौम्य द्रावण टाकावे. द्रावण गडद असेल तर सगळेच काळपट दिसते.

एवढे सारे नीट केले तरी एक शंका उरते, आणि माझ्या मते प्रयोगातला सर्वांत मोलाचा भाग हाच. घट्ट दाबलेला कागद उजेडाबरोबर हवाही अडवतो. मग स्टार्च कशाअभावी झाला नाही? त्यासाठी त्याच झाडाच्या दुसऱ्या पानावर तेवढाच पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, दोन्ही बाजूंनी, तशाच चिमट्याने लावावा. त्याखाली निळा रंग आला तर फरक उजेडाचाच. नाही आला तर शंका रास्त होती. कागद सैल लावून प्रयोग पुन्हा करावा.

कागद आणि प्लास्टिक अशी तुलनेची जोडी वगळली की चांगले मापनही फसवते. सतराव्या शतकातील शास्त्रज्ञ फान हेल्माँटने 200 पौंड कोरड्या मातीत 5 पौंडांचे वाळुंजाचे रोप लावून पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड 169 पौंडांवर गेले आणि माती जेमतेम 2 औंस घटली. 1648 मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष होता की झाड पाण्यापासूनच बनते. झाडाचे बहुतेक वस्तुमान मातीतून येत नाही, हे त्याचे वजनकाटे बरोबर सांगत होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र त्याच्या हिशेबातच नव्हता. ऑक्सिजन सोडायला झाडाच्या हिरव्या भागांना उजेड लागतो हे इंगेनहाउझ या डच शास्त्रज्ञाने 1779 मध्ये दाखवले.

‘यावरून प्रकाशसंश्लेषण सिद्ध होते’ हे वाक्यही बदलावे. या प्रयोगातून एवढेच कळते की या पानात स्टार्च तयार व्हायला उजेड लागतो. ऑक्सिजन बाहेर पडतो, कार्बन हवेतून येतो, यांसाठी वेगळे प्रयोग लागतात. उलटही खरे आहे: कांद्याची पात स्टार्चऐवजी साखर साठवते, त्यामुळे ती निळी होत नाही, पण प्रकाशसंश्लेषण तीही करतेच.

पुढच्या अंकात दुरुस्त कृती छापावी ही विनंती. तिच्यासोबत ‘काय दिसले?’ अशी रिकामी चौकट ठेवावी आणि अपेक्षित रंग आधी सांगू नये.

कळावे,
एक वाचक